अर्धा कट्टा

खूण तांबडी होती. पंजाएवढी फुली आणि तिच्यापासून घराकडे वळलेला एक बाण. शुक्रवारी सकाळी दुधाची पिशवी उचलायला मल्हारराव दार उघडून बाहेर आले, नेहमीसारखा कट्ट्याला हात टेकून वाकले, आणि वाकल्या वाकल्याच त्यांना ती दिसली. ऑइलपेंटचा वास अजून येत होता. काल ते डोळे दाखवायला गेले होते. परतेपर्यंत अंधारलं होतं, आणि डोळ्यांत घातलेल्या थेंबांमुळे समोरचा माणूसही धड दिसत नव्हता. तेवढ्यात कुणीतरी येऊन त्यांच्या दगडावर फुली मारून गेलं होतं. कार्पोरेशनचा माणूस, दुसरं कोण. चामराजपेटेतल्या त्या गल्लीत महिनाभर गटाराचं आणि फुटपाथाचं बोलणं चाललं होतं. जुनं गटार उकरायचं, नवं घालायचं, वर फरशी टाकायची, आणि गटारावर ज्यानं जे बांधलंय ते काढायचं. मल्हाररावांनी ते ऐकून सोडून दिलं होतं, कारण ही गल्ली दर दोन वर्षांनी उकरली जाई आणि उकरणाऱ्यांचं काय हरवलंय ते त्यांना कधी सापडत नसे. पण फुली आजवर कुणी मारली नव्हती. त्यांनी मान वळवून कट्ट्याचा उरलेला अर्धा भाग पाहिला, शेजारच्या शिवकुमारच्या दारापुढचा. तिथं काही नव्हतं. शिवकुमारच्या बायकोनं, पार्वतक्कांनी, नुकताच तो धुऊन समोरच्या अंगाला गेरूचा दाट हात दिला होता, वर पांढरी रेघ ओढली होती, आणि ते सगळं ओलं, स्वच्छ, अगदी निष्पाप दिसत होतं. एकच कट्टा, एकच गटार, आणि फुली एकाच्याच दारात. मल्हाररावांच्या मनात पाल चुकचुकली. दूध तिथंच राहिलं, ते मागाहून सुनेनं आत नेलं.

कट्टा एकच होता, हे गल्लीतलं शेंबडं पोरही सांगेल. दोन्ही घरांची भिंत सामाईक, आणि दोघांच्या बापांनी मिळून या लांब शिळा आणून बसवल्या तेव्हा मध्ये फट ठेवली नव्हती. आम्ही तीनशे वर्षांपूर्वी घोड्यावरून या मुलखात आलो, असं मल्हाररावांचे वडील मिशीला पीळ देऊन सांगत. त्यावर शिवकुमारचे वडील म्हणत, आलात तेव्हा बसायला जागा आम्हीच दिली. मग दोघं हसत आणि पुन्हा तेच बोलत. शिवकुमार मराठी शिकला तो मल्हाररावांच्या आईच्या स्वयंपाकघरात, पाटावर बसून, गरम भाकरीच्या आशेनं. त्याचं पूजेच्या सामानाचं दुकान होतं, तिथं तो दिवसभर गिऱ्हाइकांना एकाच सुरात "येनु बेकागित्तु, सार?" म्हणून विचारी, काय हवं होतं साहेब, आणि संध्याकाळी दुकान मुलाच्या हाती देऊन कट्ट्यावर येऊन टेकला, की पहिल्याच शब्दाला त्याची भाषा बदले. "हं, मल्हारू, काय म्हणतोस." तीन वर्षांपूर्वी बायको, मथुरा, गेली, तेव्हापासून मल्हाररावांच्या दिवसात बोलणं असं उरलं होतं ते एवढंच. मुलगा शंतनु आणि सून सुखदा दिवसभर कॉम्प्युटरशी बोलत, इंग्रजीत. बाकी वेळ भिंती. संध्याकाळचा तो तास गेला तर आपण बोलायचं विसरून जाऊ, असं त्यांना खरोखर वाटे, आणि ती तांबडी फुली नेमकी त्या तासावर मारलेली होती.

मल्हारराव निवृत्तीपर्यंत पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. ती नोकरीच संशयाची. बेअरिंगं जेवणाच्या डब्यातून बाहेर जातात, पितळ पायमोज्यातून जातं, आणि जो सर्वांत जास्त हसून नमस्कार करतो त्याची पिशवी आधी उघडावी, हा तिथला धडा त्यांनी इतक्या वर्षांत पक्का गिरवला होता. मथुरा म्हणायची, तुम्ही घरी येताना गेटवरची नजर गेटवरच ठेवून येत चला. ती होती तोवर ते तसं करायचेही. आता ती नजर दिवसभर घरात रिकामी बसलेली असे, आणि त्या शुक्रवारपासून तिला काम मिळालं. शिवकुमार हल्ली जास्त हसत होता. फोनवर बोलत बोलत बाहेर यायचा, आणि मल्हारराव दिसले की "सरी, सरी, आमेले माताडतीनी," म्हणून फोन ठेवून द्यायचा. नंतर बोलतो म्हणे. नंतर का? वॉर्डाचा इंजिनियर, तरुणसाच, हेल्मेट काखेत धरून दोनदा शिवकुमारच्या घरी येऊन गेला होता, आणि दोन्ही वेळा आतून कॉफीचा वास आला होता. दुसऱ्या वेळी निघताना तो दारात थांबला, त्यानं मल्हाररावांच्या अर्ध्या कट्ट्याकडे पाहिलं, शिवकुमार काहीतरी म्हणाला आणि इंजिनियर हसला. खिडकीच्या गजाला नाक लावून मल्हाररावांनी हे पाहिलं. कशाला हसावं माणसानं एका दगडाकडे बघून? आणि मग, उत्तर समोरच उभं होतं की. शिवकुमारच्या मुलानं, गिरीराजनं, दिवाळीला गाडी घेतली होती. पांढरी, रुंद, गल्लीत न मावणारी. ती तो रोज शाळेच्या मैदानापाशी लावून चालत घरी येई आणि येताना कपाळाला आठ्या असत. मल्हाररावांचा अर्धा कट्टा गेला तर तिथं गाडी आरामात बसणार होती. शिवकुमारचा अर्धा कट्टा राहणार, त्यावर शिवकुमार बसणार, आणि शेजारी गाडी. कुठंतरी पाणी मुरतंय म्हणता म्हणता त्यांना पाण्याचा सगळा उतारच दिसायला लागला.

सुखदा पुण्याची. तिला ही गल्ली अजून पुरती कळली नव्हती, पण सासऱ्यांनी दोन दिवस दुपारचा भात अर्धा टाकला हे तिला कळलं. तिनं लॅपटॉप मिटवून विचारलं, तेव्हा मल्हाररावांनी आडून आडून सांगितलं, नाव न घेता, जसं कारखान्यात साहेबांना सांगत. ती म्हणाली, "बाबा, पण डायरेक्ट अंकलनाच विचारा ना. सिंपल आहे." मल्हाररावांना ते सिंपल वाटेना. पन्नास वर्षं ज्याच्या ताटातलं उचलून खाल्लं त्याला जाऊन विचारायचं, की बाबा रे, तू माझी जागा खाल्लीस का? तो नाही म्हणाला तर ते खरं कशावरून, आणि हो म्हणाला तर मग पुढं काय. विचारलं की संपलं. न विचारता निदान संध्याकाळी शेजारी बसता येत होतं. "बघतो," ते म्हणाले. सुखदानं खांदे उडवले आणि वॉर्डाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचा निरोप त्यांना वाचून दाखवला: शनिवारी वॉर्डसभा आहे, गटार आणि फुटपाथ हाच विषय, मार्चच्या आत मंजूर रक्कम खर्च झाली पाहिजे, ज्यांना हरकत असेल त्यांनी यावं. तिनं आपल्या परीनं मदत केली होती.

त्या संध्याकाळी ते बसले नेहमीसारखेच. मल्हारराव आपल्या बाजूला, फुली पायांआड येईल असे. शिवकुमार आपल्या बाजूला, लुंगी गुडघ्यावर दुमडून. समोरून ऑटो जात होते, कोपऱ्यावर कुणी भजी तळत होतं. शिवकुमार मिरचीच्या भावावर बोलला, मेट्रोच्या खांबांवर बोलला. मल्हारराव हं हं करत वाट पाहत होते, की हा आता तरी विषय काढेल. शेवटी त्यांनीच, आवाज होईल तितका सैल ठेवून म्हटलं, खुणा झाल्या म्हणे. शिवकुमार म्हणाला, झाल्यात की, असू देत. इतकंच. असू देत! ज्याच्या दारात फुली नाही त्याला असू देत म्हणायला काय जातं. मल्हारराव म्हणाले, शनिवारच्या सभेला जावं म्हणतो. तेव्हा मात्र शिवकुमारनं झटकन मान वळवली, आजूबाजूला पाहिलं आणि खालच्या आवाजात म्हणाला, "मल्हारू, यायचं तर ये, पण स्वल्प गप राहा. सभेत तोंड उघडू नकोस. तुझ्या पोटात काही राहत नाही. आम्ही बघतो." मग तो उठला, पाठीवर हात ठेवून आत गेला. मल्हाररावांच्या पाठीवर तो हात बराच वेळ राहिला. आम्ही म्हणजे कोण? आम्ही बघतो म्हणजे काय बघता? गप राहा हे तर ते रोज गेटवर ऐकायचे, पिशवी उघडताना, जरा गप राहा साहेब, आपलं आपण बघून घेऊ.

मग त्यांनी सगळ्या मागच्या दिवसांची झडती घ्यायला सुरुवात केली. दुपारी पलंगावर पडून, पंख्याकडे बघत. कधीकाळी भाषेवरून शहरात दगडफेक झाली होती, परभाषिक पाट्यांची दुकानं लोक बंद करत होते. त्या दिवशी शिवकुमार दुकान न उघडता सकाळपासून कट्ट्याच्या नेमक्या मधोमध पाय पसरून बसला होता, आणि गल्लीत शिरलेल्या पोरांना त्यानं कन्नडमध्ये असं काही सुनावलं की पोरं परत गेली. ही गोष्ट मल्हाररावांनी आजवर शंभर जणांना डोळ्यांत पाणी आणून सांगितली होती. आता ती त्यांनी पुन्हा उघडून पाहिली. तो नेमका मधोमधच का बसला होता? त्याला स्वतःची अर्धी बाजूही राखायची होतीच की. मथुरेच्या आजारात रोज दवाखान्यात डबा यायचा तो पार्वतक्कांचा. तेव्हाच एकदा शिवकुमारनं विचारलं होतं, घर कुणाच्या नावावर आहे, कागद नीट आहेत ना, मल्हारू? काळजीनं विचारलं असं तेव्हा वाटलं होतं. आणि मथुरा गेल्यावर पहिल्याच शुक्रवारी पार्वतक्का गेरूचं भांडं घेऊन दारात आल्या होत्या, तुमच्या बाजूलाही हात देते म्हणाल्या. दर शुक्रवारी मथुरा आणि त्या एकाच वेळी हे काम करायच्या. दोन टोकांकडून सुरू करून मधे भेटायच्या, आणि भेटल्या जागी गेरू कुणाचा कुठं संपला ते ओळखू यायचं नाही. मल्हारराव त्यांना नको म्हणाले होते. दुसऱ्या बाईचा हात त्या दगडावर फिरलेला त्यांना बघवला नसता, एवढंच होतं ते. तेव्हापासून त्यांचा अर्धा भाग कोराच होता, पावसानं काळवंडलेला. पण आता त्यांना वाटलं, की तेव्हापासूनच यांनी हा अर्धा मोकळा धरला असेल. बाई गेली, सून लॅपटॉपवाली, म्हातारा आज आहे उद्या नाही. या विचाराची त्यांची त्यांनाच लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून तो विचार काही गेला नाही.

शनिवारी सभेत त्यांनी मुद्दाम मागची खुर्ची धरली. वॉर्डाच्या कचेरीच्या माडीवर पत्र्याखाली सगळे घामेजले होते. शिवकुमार दोन ओळी पुढं होता; त्यानं मागं पाहून मान हलवली, ठीक आहे ना अशी. आधी कुत्र्यांवर भांडण झालं, मग दिव्यांवर, मग कचऱ्याच्या गाडीवर. इंजिनियरनं गटाराचा विषय दोन मिनिटांत उरकला, काम कुठून सुरू होणार, कुठं संपणार, आणि कुणाची हरकत, असं विचारून तो पुढं वळणारच होता. कुणी हललं नाही. त्या शांततेत मल्हाररावांना शिवकुमारची मान दिसली, पाठीमागून, तीच ती, शाळेत पुढच्या बाकावर दिसायची ती. आणि ती मान सुटल्यासारखी सैल झालेली त्यांनी पाहिली. काम फत्ते झालं म्हणून सैल झाली, असं त्यांच्या मनानं घेतलं. ते उभे राहिले. आपण उभे राहिलोय हे त्यांना इतरांच्या तोंडाकडे पाहून कळलं. कन्नडमध्ये, साऱ्या माडीला ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, की आमच्या ओळीत एकच कट्टा आहे, मग फुली माझ्याच अर्ध्यावर का? शेजारचा अर्धा गटारावर नाही का? कुणाच्या घरी कॉफी पिऊन ही मोजणी झाली, तेही इथं सांगा.

इंजिनियरचा चेहरा उतरला. तो म्हणाला, खूण दोन्ही अर्ध्यांवर केलीय. मल्हारराव म्हणाले, डोळ्यांचं ऑपरेशन व्हायचंय माझं, पण आंधळा नाही झालो. कोपऱ्यावरच्या नव्या अपार्टमेंटमधला एक तरुण लगेच उठला आणि नियम सगळ्यांना सारखा हवा म्हणाला, एकाला सूट आणि एकाला फुली हे चालणार नाही, त्या ओळीतले सगळेच कट्टे मोजा. चार जणांनी टाळ्या वाजवल्या. तसा निर्णय झाला आणि लिहिला गेला. मल्हाररावांना वाटलं होतं छाती हलकी होईल, पण तसं काही झालं नाही. शिवकुमारनं या साऱ्यात एकदाही मागं वळून पाहिलं नव्हतं. जिन्यावर इंजिनियरनं त्यांना गाठलं आणि दमलेल्या आवाजात म्हणाला, तुमच्या शेजाऱ्यानं महिनाभर माझा पिच्छा पुरवला होता, सार. जुने कट्टे आहेत, माणसं बसतात, खालून पाइप घाला पण दगड हलवू नका म्हणून. वरच्या साहेबांकडून मी ते तोंडी मान्य करून घेतलं होतं. फक्त सभेत विषय निघू नये एवढंच होतं. आता लिहिलं गेलं, माझे हात बांधले. मल्हारराव ऐकत होते आणि मनाशी म्हणत होते, बरोबर आहे, कुंपणानं शेत खाल्लं की कुंपण असंच बोलतं. एकमेकांना सांभाळून घेतायत. त्यांनी इंजिनियरला नमस्कार केला आणि कठड्याला धरून जिना उतरले. त्या संध्याकाळी शिवकुमार बाहेर आला नाही, दुसऱ्याही नाही.

माणसं बुधवारी आली, दगड कापायचं यंत्र घेऊन. ओळीतली सगळी दारं उघडली होती आणि दारादारांत माणसं उभी होती. कुणी मल्हाररावांकडे बघत नव्हतं. शंतनु ऑफिसला गेला होता. सुखदा त्यांच्या मागं उंबऱ्यात उभी होती, कानावर हात ठेवून. यंत्र शिवकुमारच्या टोकाकडून सुरू झालं. पातं तापू नये म्हणून एक मजूर बाटलीनं दगडावर पाणी सोडत होता, धार धरून. पाण्याबरोबर गेरू सुटला. वरचे ताजे थर, एकामागून एक, लाल पाणी होऊन गटाराकडे वाहिले, मजुराचे पाय लाल झाले. आणि त्या खालून, गेल्या शुक्रवारच्या आधीच्या शुक्रवारी पहाटे पार्वतक्कांनी ज्यावर नेहमीसारखा हात फिरवला होता, ती वर आली. पंजाएवढी फुली आणि तिच्यापासून घराकडे वळलेला बाण. ऑइलपेंटची, जशीच्या तशी, गेरूहून किंचित उजळ. मल्हारराव बघत राहिले. शुक्रवार होता तो. त्यांना ठाऊक होतं की शुक्रवार होता, ओला गेरू त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. त्यांच्या अर्ध्या भागावर फुली दिसली ती दिसली एवढ्यासाठीच, की तिथं हात फिरवणारं माणूस राहिलं नव्हतं आणि दुसरं कुणी फिरवतं म्हटलं तर त्यांनीच ते परत पाठवलं होतं. यंत्राचा आवाज त्यांच्या दातांत शिरला. सुखदा मागून म्हणाली, "बाबा, त्यांच्याकडे पण होती." त्यांनी मान हलवली. समोर आपल्या दारात शिवकुमारही ती फुली पाहत होता. त्यानं एकदा मल्हाररावांकडे पाहिलं. डोळ्यांत राग असता तर बरं झालं असतं. मग पातं फुलीतून गेलं आणि दगडाची दोन शकलं झाली, आणि मजूर यंत्र ओढत मल्हाररावांच्या बाजूला आले.

आता दोन्ही दारांपुढं सरळ, करडी फरशी होती. तिच्यावरून माणसं चालत, आणि चालायला ती चांगली होती हे कुणीही कबूल केलं असतं. गिरीराजची गाडी अजून शाळेच्या मैदानापाशीच उभी असे. फुटपाथावर गाडी लावायला बंदी होती, आणि ती योजनेत आधीपासूनच होती, हे सुखदानं सहज बोलता बोलता सांगितलं. मल्हारराव संध्याकाळी खिडकीपाशी बसत. पलीकडे शिवकुमार दुकानातून उशिरा येई, चपला बाहेर काढी आणि आत जाई. त्याच्या चपलांचा आवाज ते ओळखत. एकदा त्यांनी दोन प्लास्टिकच्या खुर्च्या बाहेर फरशीवर मांडल्या, एक आपल्या दारात, एक सामाईक भिंतीच्या रेघेपाशी, आणि वाट पाहिली. येणारीजाणारी माणसं वळसा घालून गेली. अंधारल्यावर त्यांनी खुर्च्या आत घेतल्या.

त्यानंतरच्या शुक्रवारी सकाळी त्यांनी मथुरेची फळी धुंडाळली. मोरीच्या वर, जुन्या पितळी डब्यांमागं नारळाची करवंटी होती, तिच्यात सुकून दगड झालेला गेरूचा गोळा आणि चिंधी. चिंधीला तिच्या बोटांचा आकार राहिला होता. कट्टा नव्हता, पण दाराची पायरी होती, वीतभर उंच, तिच्या समोरच्या अंगाला हात देता आला असता. दोन्ही दारांच्या पायऱ्यांना देता आला असता. गेरूत पाणी किती घालायचं ते त्यांना ठाऊक नव्हतं. जास्त झालं तर ओघळतो, कमी झालं तर पापुद्रे सुटतात, असं मथुरा कधीतरी म्हणाली होती. ते करवंटी घेऊन बाहेर आले, चार पावलं चालून शेजारच्या दाराशी उभे राहिले आणि कडी वाजवली. पार्वतक्का उघडतील, अक्का, पाणी किती घालू, एवढंच विचारायचं, बाकीचं त्यातूनच बोलता येईल, असं त्यांनी मनाशी जुळवलं होतं. आत कुकरची शिट्टी झाली. मग पावलं वाजली, आणि ती चपलांशिवायही त्यांनी ओळखली.

दार शिवकुमारनं उघडलं. त्यानं मल्हाररावांकडे पाहिलं, त्यांच्या हातातल्या करवंटीकडे पाहिलं, आतल्या गोळ्याकडे बराच वेळ पाहिलं. त्याचे ओठ हलले तेव्हा मल्हाररावांना वाटलं की आता तो मल्हारू म्हणणार.

"येनु बेकागित्तु, सार?" तो म्हणाला. दुकानातल्या आवाजात, अगदी अदबीनं.

मल्हारराव करवंटी धरून उभे राहिले. काय हवं होतं ते त्यांना नीट सांगता आलं असतं, पण ते मराठीतच सांगता आलं असतं, आणि त्या दारात आता ते कुणी ऐकणारं नव्हतं.